खोडकर धाकटा, शहाणी थोरली

प्रश्न

भांडुपच्या एका आईचं पत्र आहे. वन रूम किचनचं घर, घरात पती, सासूबाई आणि दोन मुलं. पती फोर्टमध्ये नोकरीला, त्यांना घरी यायला रात्रीचे साडेनऊ-दहा होतात. धाकटा मुलगा यंदा पहिलीत गेला, येत्या नोव्हेंबरात त्याला सहा पूर्ण होतील. ओपन डेला त्याच्या बाई म्हणाल्या, "हा पाच मिनिटं बाकावर बसत नाही. शेजारच्याच्या वहीत रेघोट्या मारतो, मध्येच उठून खिडकीशी जातो. एडीएचडी असेल, एकदा दाखवून घ्या." (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा किंवा अतिचंचलपणाचा विकार.) तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे असेच असतात. पती म्हणतात, मीही असाच होतो, काय बिघडलं माझं? बिल्डिंगमधल्या एकीने 'ब्रेन मॅपिंग' (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी टिपणारी तपासणी) करून घ्यायला सुचवलंय. गोळ्या द्याव्या लागतील का, त्यांची सवय लागते का, शाळा मुलाला ठेवेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी त्या लिहितात, "मुलीचा तसा काही त्रास नाही. पाचवीत आहे, शांत आहे, शहाणी आहे. फक्त जरा वेंधळी. अभ्यासाला तीन-तीन तास लावते, यंदा दोन वॉटरबॅगा आणि एक स्वेटर हरवला. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पण याचं काय करू?"

उत्तर

तुमच्या पत्रात चार पानं मुलाची आहेत आणि शेवटचा एक परिच्छेद मुलीचा. मला जास्त बोलायचंय ते त्या परिच्छेदावर. पण तुमची झोप उडालीय ती धाकट्यापायी, म्हणून आधी त्याचं बघू.

त्याचा वाढदिवस नोव्हेंबरातला आहे, ही त्या चार पानांतली सगळ्यांत कामाची माहिती. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणं धरतात. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तुमचा मुलगा साडेपाचच्या जरासा पुढे होता आणि त्याच वर्गातलं जानेवारीत जन्मलेलं मूल जवळजवळ साडेसहाचं. तुमच्या-माझ्या वयात दहा महिन्यांनी काही फरक पडत नाही. त्या वयात पडतो, आणि तो बाकावर बसण्यात सगळ्यांत आधी दिसतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळेसाठी ३१ डिसेंबरचीच तारीख धरतात. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त निघालं, मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. आता डिसेंबरात जन्मल्याने कुणाचा मेंदू वेगळा होत नाही. वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलाला मोठ्यांच्या मापाने मोजलं गेलं, दुसरं काय.

दुसरं असं की तुम्हीच लिहिलंय, घरी तो आजीसोबत मटार सोलायला बसला की अर्धा तास हलत नाही. सापशिडीत आपली पाळी येईपर्यंत थांबतो, हरला की भोकाड पसरतो, पण डाव सोडून जात नाही. एडीएचडी म्हणायचं तर त्रास एकाहून जास्त ठिकाणी दिसावा लागतो: शाळेतही, घरीही, खेळतानाही. तुमच्या मुलाचा त्रास सध्या एका वर्गात आणि एका बाकापुरता दिसतोय. पत्र वाचून निदान करायचं नसतं आणि मी ते करत नाहीये. पण आज लगेच त्याला घेऊन कुठे धावायची गरज मला दिसत नाही. संध्याकाळी तासभर मैदानात सोडा. दुसरीची सहामाही होईपर्यंत बघा. मध्येच तो रस्त्यावर धावत सुटतोय, वारंवार पडून लागतंय, कुणी खेळायला घेईनासं झालंय किंवा घरीही तेच चित्र दिसू लागलंय, तर मात्र थांबू नका.

बाईंवर रागावू नका. वर्गात पन्नास मुलं असली की जे मूल उठतं तेच दिसतं. त्यांचं निरीक्षण मोलाचं आहे, निदान करणं मात्र त्यांचं काम नाही. पुढच्या भेटीत एवढंच विचारा, की कोणत्या तासाला जास्त उठतो? डब्याच्या सुट्टीच्या आधी की नंतर? खिडकीपासून लांब, तुमच्या टेबलाजवळ बसवून बघाल का? आणि शाळा काढून टाकेल ही भीती डोक्यातून काढा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मारायला आणि मानसिक छळ करायलाही त्याच कायद्याने बंदी आहे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळलेल्या आहेत, तुमची शाळा त्यांत मोडते का ते पाहून ठेवा.)

आता थोरलीकडे येते.

तिला किती वेळ लागतो हे सांगण्यापुरतं तुम्ही एका संध्याकाळचं वर्णन केलंय, तेच मी इथे पुन्हा मांडते. साडेसहाला ती गणिताची वही काढून बसली. तारीख घातली, मार्जिन आखलं, पेन्सिलीला टोक केलं, मग टोकयंत्रातला कचरा टाकायला उठली. दहा गणितं होती. सव्वासात झाले तेव्हा तीन झाली होती आणि तिसऱ्यात पुस्तकातले ६३ वहीत ३६ होऊन उतरले होते. रीत बरोबर, उत्तर चूक. तुम्ही ओरडलात, ती रडली नाही, खोडून पुन्हा लिहायला बसली. मग पाणी प्यायला म्हणून उठली ती परत येईना. तुम्ही आत जाऊन बघितलंत तर ग्लास हातात तसाच भरलेला आणि ही ओट्यावरच्या मुंग्यांची रांग बघत उभी. "इथे काय करतेस?" असं विचारल्यावर तिला खरोखरच सांगता येईना की आपण इथे कशाला आलो होतो.

तुम्ही याला वेंधळेपणा म्हणता. सासूबाई 'हिचं ध्यान कुठे असतं कुणास ठाऊक' म्हणतात. त्यात कुणाचं काही वाईट नाही, घराघरांत असंच बोलतात. पण हाच प्रकार रोज घडत असेल, वर्षानुवर्षं घडत असेल, तर तो तपासून घ्यायला हवा.

एडीएचडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवर चढणारं पोर येतं. तो एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात मूल धावत नाही, मध्येमध्ये बोलत नाही, कुणाला त्रास देत नाही, फक्त त्याचं लक्ष टिकत नाही. तज्ज्ञ ज्या निकषांवर बघतात त्यांत लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं दिली आहेत. निष्काळजीपणाच्या वाटाव्यात अशा चुका. हातातल्या कामात मन न राहणं. समोरून बोललं तरी ऐकू न आल्यासारखं वाटणं. सुरू केलेलं काम अर्धवट राहणं. कामं आणि वस्तू नीट लावता न येणं. डोकं लावून बराच वेळ बसावं लागेल अशा कामाची टाळाटाळ. वस्तू हरवणं. बारीकशा गोष्टीने लक्ष उडणं. रोजच्या गोष्टी विसरणं. सतरा वर्षांखालच्या मुलात यांतली किमान सहा लक्षणं, सहा महिन्यांहून जास्त काळ, वयाला शोभणार नाहीत इतक्या प्रमाणात दिसावी लागतात. त्यांतली काही बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, दोन किंवा जास्त ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांच्यामुळे मुलाचं काहीतरी अडावं लागतं. ही यादी वाचून घरातल्या प्रत्येकाला आपल्यात चार-पाच लक्षणं सापडतील. म्हणूनच नुसती लक्षणं मोजून भागत नाही. किती, कुठे आणि कधीपासून, हे बघावं लागतं.

जगभरचे आकडे पाहिले तर शाळकरी मुलांपैकी साधारण ५ टक्क्यांमध्ये एडीएचडी आढळतो, म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात दोन मुलं. लहानपणी मुलग्यांचं निदान मुलींच्या दुपटीहून जास्त होतं आणि मोठेपणी हा फरक बराच कमी झालेला दिसतो. याचा एक अर्थ असा, की पुष्कळ मुली लहानपणी कुणाच्या नजरेतच भरल्या नाहीत. मुलगा बाकावरून उठला की बाईंना दिसतो. मुलगी बाकावर बसून मनाने कुठेतरी गेली, तर तिला 'शांत आहे, गुणी आहे' म्हणून प्रगतिपुस्तकात शेरा मिळतो. शिवाय मुली झाकायलाही लवकर शिकतात. मैत्रिणीची वही बघून उतरवतात, बाई विचारतील म्हणून मान डोलावतात, घरी तिप्पट वेळ घालून वही पूर्ण करतात. तुमच्या मुलीला मार्क बरे आहेत म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. पण ते मार्क तिला कितीला पडतात, हे बघा. तीन तासांतला एक तास गणिताचा आणि दोन तास स्वतःला ओढून जागेवर आणण्याचे.

पाचवीतच हे का दिसू लागलं, असं तुम्हाला वाटेल. चौथीपर्यंत बहुतेक शाळांत एकच बाई दिवसभर असतात. त्यांना मूल पाठ असतं, त्या 'अगं, वही काढ' म्हणून आठवण करतात, गृहपाठ फळ्यावर ठरलेल्या जागी लिहितात. पाचवीपासून विषयागणिक शिक्षक बदलतात, तासाची घंटा झाली की वही-पुस्तक बदलायचं, कोणता प्रकल्प कधी द्यायचा ते स्वतः लक्षात ठेवायचं. आधार गेला की जे मुळातच होतं ते उघडं पडतं. म्हणून घरात पहिली ते चौथीची प्रगतिपुस्तकं असतील तर ती काढा आणि मार्क सोडून शेरे वाचा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'काम अपूर्ण ठेवते', 'अक्षर चांगलं, वेग कमी' असे शेरे दर वर्षी येत असतील तर डॉक्टरांना तेच दाखवा. असे शेरे कुठेच नसतील आणि सगळं यंदाच सुरू झालं असेल, तर यंदा काय घडलं ते शोधायला हवं. कुणी चिडवतंय का, कुणा शिक्षकांची भीती बसलीय का, घरात काही ताण आहे का.

"पण चित्र काढायला बसली की दोन-दोन तास उठत नाही, मग लक्ष नाही असं कसं म्हणायचं?" ही तुमची शंका रास्त आहे, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. लक्ष नसतंच असं नाही. टाकीत पाणी भरपूर आहे, व्हॉल्व्हची चावी मात्र तिच्या हातात नाही. आवडीचं काम, नवं काम, लगेच फळ दिसणारं काम असलं की तो आपोआप उघडतो. कंटाळवाण्या कामासाठी तो मुद्दाम उघडावा लागतो, आणि तिथेच तिचं अडतं. मोबाइलवर गुंग होणाऱ्या मुलांचंही हेच असतं. म्हणून 'चित्राला लक्ष लागतं, मग गणितालाच काय होतं, आळस आहे सगळा' हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. ती ते ऐकते आणि खरं मानते.

यजमान म्हणतात, 'मीही असाच होतो.' ते मुलाबद्दल म्हणतात, पण मला वाटतं त्यांना मुलीबद्दल विचारून बघा. जुळ्यांच्या अभ्यासांत असं दिसतं, की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे 'बापावर गेलीय' हे 'काही नाही' असं म्हणण्याचं कारण होत नाही. उलट डॉक्टर मुद्दाम विचारतात ती गोष्ट ती. आणि 'काय बिघडलं माझं' याचं उत्तर त्यांनी स्वतः द्यावं. शाळेत किती मार खाल्ला, किती वेळा पास हरवला, किती गोष्टी येत असूनही सोडून दिल्या, हे सहसा दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. एखाद्या रविवारी निवांत विचारा, वाद घालायला नको.

एवढं वाचून 'मग हिलाच आहे' असं ठरवून टाकू नका. लक्ष न टिकण्याची कारणं अनेक असतात आणि त्यांतली काही अगदी साधी असतात. डोळे तपासा, पाचवी-सहावीच्या वयात चष्मा लागणं सर्रास दिसतं आणि फळ्यावरचं न दिसणारं मूल शेजारणीच्या वहीत बघतं. कान तपासा. तोंडाने श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल तर अॅडिनॉइडचं (नाकामागच्या ग्रंथीचं) बघून घ्या, त्याने झोपही मोडते आणि ऐकूही कमी येतं. अंगात लोह कमी आहे का, थायरॉईड कसं आहे, हे डॉक्टर रक्तातून बघतील. क्वचित काही मुलांना फिटचा असा प्रकार असतो की काही सेकंद मूल एकटक बघत राहतं, हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे बोलू लागतं. मुंग्या बघणारी मुलगी खांद्याला हात लावल्यावर दचकून वळते. ती वळत नसेल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. वाचताना-लिहिताना अक्षरं-आकडे वारंवार उलटे पडत असतील तर अध्ययन अक्षमता आहे का तेही तपासतात. ६३चे ३६ एकदा होणं वेगळं, कायम होणं वेगळं. अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी एकत्रही असू शकतात.

आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. तुमच्याकडे बाबा दहाला येतात, मग जेवणं, मग टीव्हीवर बातम्या, सगळं त्याच खोलीत. साडेअकराला झोपून सहाला उठणाऱ्या मुलीचं कुठेच लक्ष लागणार नाही, तिला एडीएचडी असो वा नसो. मुंबईत हे जमवणं कठीण आहे, मला कळतं. पण मुलांची जेवणं आठलाच उरकून, स्वयंपाकघरात गादी घालून, साडेनऊला दिवा बंद, एवढं महिनाभर करून बघा. बाबांची भेट सकाळी होऊ द्या. महिन्याभरात फरक पडला तर उत्तमच. नाही पडला तरी डॉक्टरांना सांगायला एक ठोस गोष्ट हाती राहील.

एडीएचडीचं निदान रक्तावरून होत नाही, एमआरआयवरून होत नाही, आणि ब्रेन मॅपिंगवरूनही होत नाही. ते होतं आईवडिलांशी आणि मुलाशी सविस्तर बोलून, पालक आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन, वह्या-प्रगतिपुस्तकं बघून आणि बाकीची कारणं वगळून. शेजारणीने सुचवलेल्या मॅपिंगवर खर्च करू नका. तसंच स्मरणशक्तीची सिरपं आणि 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'चे क्लास. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्यांकडे मूल पाठवू नये, याहून जास्त शाई त्यावर घालवत नाही.

जायचं कुठे? आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ते पुढे बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर सुचवतील. खासगीत परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार आणि बालरोग विभाग आहेत. सायनला अध्ययन अक्षमतेसाठी वेगळं क्लिनिकही आहे. तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, एका फेरीत काम होत नाही, चाचण्यांच्या तारखा लांबच्या मिळतात. ऑफिसात तसं सांगून ठेवा. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

जाण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. रोज दोन-तीन ओळी पुरेत: अभ्यासाला कधी बसली, कधी उठली, कितीदा उठली, काय विसरली, काय न सांगता नीट केलं, किती वाजता झोपली. शेवटून दुसरा मुद्दा गाळू नका, डॉक्टरांना तोही लागतो. शाळेतून वर्गशिक्षिकेचं दोन ओळींचं टिपण मागा. त्यांना 'माझ्या मुलीला एडीएचडी आहे का' असं विचारू नका. 'फळ्यावरचं उतरवून होतं का, तोंडी विचारल्यावर येतं आणि लेखीत राहतं असं होतं का, सुट्टीत कुणाबरोबर असते' असं विचारलंत तर त्यांना सांगता येईल.

शाळेने 'सर्टिफिकेट आणा' म्हटलं तर कशाचं ते नीट विचारून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलतींचा विषय निघेल तेव्हा हा फरक आड येतो. वर्गातल्या साध्या मदतीला मात्र कुठल्याच कागदाची गरज नाही: पुढच्या बाकावर जागा, सूचना एकेक करून, घरी निघण्याआधी कॅलेंडरमध्ये गृहपाठ उतरलाय का यावर एक नजर, आणि विसरली म्हणून सगळ्यांसमोर उभं न करणं.

निदान होवो न होवो, घरी काही गोष्टी आजच बदलता येतील. स्वयंपाकघरातून हाक मारून 'दप्तर भर, केस विंचर, डबा दे' अशी तीन कामं एका दमात सांगितलीत तर तिच्यापर्यंत बहुधा शेवटचं पोचतं. जवळ जा, खांद्याला हात लावा, तिने बघितलं की एक काम सांगा. दहा गणितं एकदम नकोत, तीन झाली की उठायची मुभा, पण पाच मिनिटांसाठी, आणि ती पाच मिनिटं गजरावर. वेळेचा अंदाज या मुलांना नीट येत नाही, 'थोड्या वेळाने' याचा त्यांना अर्थ लागत नाही. घड्याळ डोळ्यांसमोर हवं. पाणी, रबर, टोक केलेल्या दोन पेन्सिली आधीच शेजारी, म्हणजे उठायला कारण नाही. भिंतीकडे तोंड करून बसवा आणि त्या वेळेपुरता टीव्ही बंद, सासूबाईंची मालिका असली तरी. (हे तुम्ही सांगण्याऐवजी यजमानांनी आईला सांगावं, असं माझं मत.) दप्तर रात्रीच भरायचं, कपाटाच्या दाराला यादी चिकटवून, आणि ती यादी तिनेच चित्रांत काढायची. चित्रकलेचा क्लास शिक्षा म्हणून बंद करू नका. दिवसभरात एकाच ठिकाणी तिला आपण बऱ्या आहोत असं वाटतं, तेही काढून घेतलंत तर काय उरलं?

गोळ्यांचं तुम्ही मुलासाठी विचारलंत. सहाच्या आतल्या मुलांत आधी पालकांना वागणुकीच्या पद्धती शिकवतात, औषध पहिलं नसतं. तुमच्या मुलीच्या वयात निदान पक्कं झालं आणि त्रास जास्त असला तर डॉक्टर औषध सुचवू शकतात, सोबत शाळेतली आणि घरातली मदत. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं जास्त वापरलं जाणारं. ते नियंत्रित औषधांत मोडतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सांगितलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतलं तर त्याचं व्यसन लागत नाही. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं, पोट किंवा डोकं दुखणं हे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघत राहतात. अॅटोमॉक्सेटिन हे दुसऱ्या प्रकारचं औषध, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. औषधाने हुशारी वाढत नाही, बसलेल्या जागी काम पुरं करणं सोपं जातं. घ्यायचं की नाही हे डॉक्टरांसमोर बसून ठरवा, गच्चीवरच्या गप्पांत नाही. आणि मनाने सुरू किंवा बंद करू नका.

हे किती वर्षं चालणार, हे आत्ता कुणी सांगू शकणार नाही. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचं बाह्यपटल इतरांच्याच क्रमाने, पण सरासरी तीनेक वर्षं उशिराने परिपक्व होताना दिसलं. काहींचा त्रास वयाबरोबर खूप कमी होतो, काहींचा मोठेपणीही राहतो आणि ते त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकतात. दहा वर्षांच्या मुलीकडून दहा वर्षांच्या सगळ्याच अपेक्षा एकाच वेळी करू नका, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

शेवटचं, तिला काय सांगायचं. डॉक्टरांकडे नेताना 'तुझ्या वेंधळेपणामुळे जावं लागतंय' असं म्हणू नका, आणि 'चल, फिरायला जाऊ' म्हणून फसवूही नका. 'अभ्यासाला तुला खूप वेळ लागतो, तू दमतेस, ते सोपं कसं करायचं हे विचारायला जातोय' एवढं पुरे. ती विचारेल, भाऊ पण येणार का? नाही म्हणून सांगा. इंजेक्शन देतात का, असंही विचारेल. तिथे प्रश्न विचारतात आणि काही कोडी सोडवायला देतात, हे सांगा. पुढे रक्त तपासायला लागलं तर ते आदल्या संध्याकाळी सांगा, लाइनीत उभं राहिल्यावर नको.